बिस्मथ व्हॅनेडेटचा फोटोॲनोड सुधारायचाय? आधी करंट कुठे गळतोय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने एफटीओ काचेवर (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली काच) स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, बिस्मथ व्हॅनेडेटची साधारण २०० नॅनोमीटर जाडीची फिल्म बसवली आहे. सूर्यप्रकाशात पाण्याचं विघटन करणारा फोटोॲनोड, म्हणजे प्रकाशावर चालणारा आणि ऑक्सिजन सोडणारा इलेक्ट्रोड, म्हणून ती वापरायची आहे. फॉस्फेट बफरमध्ये, आरएचईच्या (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड, व्होल्टेज मोजायचा संदर्भ) तुलनेत १.२३ व्होल्टला, फोटोकरंट (प्रकाशामुळे येणारा करंट) मिळतो ०.६ मिलीअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. पेपरांमध्ये चार-पाच मिलीअँपिअरचे आकडे दिसतात. गाईड म्हणतात मॉलिब्डेनमचं डोपिंग (किंचित भेसळ) कर, सिनियर म्हणतो कोबाल्ट फॉस्फेटचा कॅटॅलिस्ट लाव, आणि त्याच्या स्वतःच्या मनात नॅनोरॉड (नॅनो आकाराच्या काड्या) आहेत. सुरुवात कुठून करू?

यातलं काहीच लगेच करू नका. तिन्ही उपाय खरे आहेत, पण तीन वेगवेगळ्या दुखण्यांवरचे आहेत. गच्चीवरची टाकी भरत नसेल तर आपण थेट नवा पंप आणत नाही, पाइप कुठे गळतोय ते आधी बघतो. इलेक्ट्रोडचंही तसंच. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचे सहा-सहा महिने चुकीच्या दुखण्यावरचं औषध देण्यात गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रकाशापासून ऑक्सिजनच्या बुडबुड्यापर्यंत तीन टप्पे असतात. फिल्मने प्रकाश शोषायचा, हा पहिला. शोषलेल्या प्रकाशातून तयार झालेले इलेक्ट्रॉन मागे एफटीओकडे आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) पुढे पाण्याकडे पोहोचायचे, वाटेत एकमेकांना भेटून विझायचे नाहीत, हा दुसरा. पृष्ठभागावर आलेल्या होलने खरोखर पाण्याचं ऑक्सिडेशन करायचं, तिथेच विझायचं नाही, हा तिसरा. तुमचा ०.६ हा या तिघांचा गुणाकार आहे. नुसत्या गुणाकाराकडे बघून कोणता आकडा लहान आहे ते कळत नाही. ते वेगवेगळे मोजावे लागतात, आणि त्यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागत नाही.

पहिला आकडा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरवर मिळतो. बिस्मथ व्हॅनेडेटचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे ५१७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश तो घेतो. म्हणून फिल्म लिंबासारखी पिवळी दिसते. त्या पट्ट्यातला एएम १.५जी, म्हणजे मोजमापासाठी ठरवलेल्या प्रमाण सूर्यप्रकाशाचा प्रत्येक फोटॉन वापरला गेला तर जास्तीत जास्त करंट सुमारे ७.५ मिलीअँपिअर येतो. पण २०० नॅनोमीटरची सपाट फिल्म सगळा प्रकाश शोषत नाही, बराच आरपार जातो. तेव्हा तुमच्याच फिल्मचं शोषण, परावर्तन वजा करून, सूर्याच्या स्पेक्ट्रमशी गुणा आणि बेरीज करा. उदाहरणासाठी समजू, तो आकडा ४.२ आला. हे तुमचं खरं छत. ७.५ शी तुलना करून निराश व्हायचं कारण नाही.

आता सल्फाइट. त्याच बफरमध्ये सोडियम सल्फाइट घाला आणि तोच करंट-व्होल्टेज वक्र पुन्हा काढा. सल्फाइटचं ऑक्सिडेशन पाण्यापेक्षा इतकं सोपं आहे की पृष्ठभागावर पोहोचलेला जवळपास प्रत्येक होल त्यात खर्ची पडतो. म्हणजे तिसरा टप्पा आपण तात्पुरता शंभर टक्के करून टाकला. मिळणारा करंट फक्त पहिल्या दोन टप्प्यांचा. समजा १.२३ व्होल्टला सल्फाइटमध्ये १.९ आला. मग १.९ भागिले ४.२, म्हणजे सुमारे ४५ टक्के होल पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. आणि ०.६ भागिले १.९, म्हणजे पोहोचलेल्यांपैकी जेमतेम ३२ टक्के पाण्याच्या कामी येतात.

या दोन आकड्यांनी निर्णय बदलतो. डोपिंगने ४५ चे ६० टक्के केले, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर करंट ०.६ वरून ०.८ होईल. पृष्ठभाग सुधारून ३२ चे ८० केले तर १.५ होईल. मेहनत तेवढीच, वाढ मात्र चौपटीहून जास्त. उलट तुमचा सल्फाइटमधला करंटच ०.७ निघाला, तर कितीही भारी कॅटॅलिस्ट लावा, ०.७ च्या वर जाणार नाही. तेव्हा सिनियरचं बरोबर की गाईडचं, हे या एका रीडिंगवर ठरेल.

या चाचणीत दोन जागी हमखास घोटाळा होतो. सोडियम सल्फाइट अल्कधर्मी आहे, त्याने बफरचा पीएच वर सरकतो. पीएच एकाने सरकला की आरएचईच्या हिशोबात ५९ मिलीव्होल्टचा फरक पडतो, आणि दोन वक्र शेजारी ठेवल्यावर तो फरक 'सुधारणा' म्हणून दिसतो. म्हणून सल्फाइट घातल्यावर पीएच पुन्हा मोजा, जुना आकडा वापरू नका. दुसरं, पाण्यातलं रीडिंग आधी आणि सल्फाइटचं नंतर, हा क्रम कधी उलटा करू नका. मी शिकत असताना एकदा सल्फाइटनंतर सेल दोनदा विसळून पुढच्या सॅम्पलचं पाण्यातलं रीडिंग घेतलं. करंट दुप्पट आला. आठवडाभर आम्ही त्या सॅम्पलची भट्टी, वेळ, तापमान सगळं पुन्हा पुन्हा करत होतो. शेवटी रेफरन्स इलेक्ट्रोडच्या (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) टोकावरच्या सच्छिद्र फ्रिटमध्ये अडकलेलं सल्फाइट सापडलं. तेव्हापासून माझ्याकडे सल्फाइटसाठी वेगळा सेल आणि वेगळा रेफरन्स आहे, दोन्हींवर लाल टेप लावून.

सल्फाइटचा करंटच कमी असेल तर दुखणं फिल्मच्या आत आहे. मग आणखी एक फुकटची चाचणी करा: एकदा समोरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने, प्रकाश टाका आणि एकदा मागून, काचेतून. काचेतून प्रकाश टाकल्यावर करंट स्पष्ट जास्त आला तर इलेक्ट्रॉनची वाट लांब पडतेय. कारण मागून प्रकाश आला की बहुतेक इलेक्ट्रॉन एफटीओच्या जवळच जन्मतात. डोपिंग न केलेल्या बिस्मथ व्हॅनेडेटमध्ये बहुधा हेच दिसतं. या पदार्थात इलेक्ट्रॉन जाळीला स्वतःभोवती वाकवून तिथेच अडकतो आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारत जातो, त्यामुळे तो फार हळू चालतो. गाईडनी सांगितलेलं मॉलिब्डेनम, किंवा टंगस्टन, इथे कामाला येतं: व्हॅनेडियमच्या जागी एक-दोन टक्के बसलं की इलेक्ट्रॉनची संख्या वाढते आणि वाहकता सुधारते. जास्त घातलं तर डेप्लेशनचा थर, म्हणजे पृष्ठभागाजवळचा विद्युत क्षेत्राचा पट्टा, अरुंद होतो आणि होल मागे राहतात, म्हणून दहा टक्क्यांच्या उड्या मारू नका.

स्प्रे पायरोलिसिस करताय, तर एक युक्ती तुमच्या हाताशीच आहे. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रातल्या गटाने फिल्ममध्ये टंगस्टन सरसकट न घालता पायऱ्यापायऱ्यांनी घातलं: एफटीओच्या बाजूला १ टक्का, पाण्याच्या बाजूला शून्य. त्या उतारामुळे फिल्मच्या पूर्ण जाडीत विद्युत क्षेत्र तयार होतं आणि इलेक्ट्रॉन-होल आपसूक दोन दिशांना ओढले जातात. पद्धत कोणती? स्प्रे पायरोलिसिस. प्रत्येक टप्प्याला बाटलीतलं द्रावण बदलायचं, एवढंच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी ही पद्धत अनेक दशकं मुरलेली आहे. आपल्याकडचे हात या कामात कुणाहून कमी नाहीत. त्या गटाने या फोटोॲनोडवर कोबाल्ट फॉस्फेट लावून, मागे दुहेरी जंक्शनचा अमॉर्फस सिलिकॉन सोलर सेल जोडून, ४.९ टक्के सौर-ते-हायड्रोजन कार्यक्षमता मिळवली होती.

फिल्म आणि एफटीओ यांच्यामध्ये टिन ऑक्साइडचा अगदी पातळ थर दिला तरी फरक पडतो. एफटीओवर फिल्म पूर्ण चढलेली नसते, बारीक भोकं राहतात, तिथे होल थेट मागच्या बाजूला जाऊन विझतात. तो थर त्यांना अडवतो. हा थरही स्प्रेनेच देता येतो.

तुमच्या मनातल्या नॅनोरॉडबद्दल. ही कल्पना बहुधा हेमटाईटवरच्या (लोखंडाचा एक ऑक्साइड) पेपरांमधून आली असावी, आणि तिथे ती अगदी योग्य आहे. हेमटाईटचा बँड गॅप २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, छत १२.६ मिलीअँपिअर, स्वस्त, अल्कलीत टिकाऊ. कागदावर आदर्श पदार्थ. पण त्यात होल २ ते ४ नॅनोमीटरच चालतो, आणि प्रकाश मात्र शंभर नॅनोमीटरहून खोल जातो. म्हणजे सपाट फिल्ममध्ये बहुतेक होल पृष्ठभाग न बघताच संपतात. म्हणून तिथे रचना बारीक करण्याशिवाय गत्यंतर नसतं. लोझानच्या ईपीएफएलमध्ये २००६ साली सिलिकॉन डोपिंग केलेल्या, फुलकोबीसारख्या दिसणाऱ्या हेमटाईटने २.२ मिलीअँपिअरपर्यंत मजल मारली ती यामुळेच. बिस्मथ व्हॅनेडेटमध्ये होलच्या चालीची ही लांबी ७० नॅनोमीटरच्या आसपास आहे. सच्छिद्र रचनेचा फायदा इथेही होतो, पण त्यासाठी रॉडच हवेत असं नाही. कण शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान आणि एकमेकांना नीट चिकटलेले असले की पुरे.

असे कण मिळवायची माझी आवडती पद्धत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या क्योंग-शिन चोई आणि ते वू किम यांची, २०१४ मधली. ती बारकाईने सांगते, कारण साध्या पोटेन्शियोस्टॅटवर (व्होल्टेज ठरवून करंट मोजणारं उपकरण) होते. पोटॅशियम आयोडाइडच्या आम्लधर्मी द्रावणात बिस्मथ नायट्रेट विरघळवायचं, त्यात इथेनॉलमध्ये विरघळवलेलं बेंझोक्विनोन मिसळायचं आणि सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत उणे ०.१ व्होल्टला काही मिनिटं ठेवायचं. काचेवर बिस्मथ ऑक्सिआयोडाइडचा विटकरी-नारिंगी थर चढतो. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये मोकळी जागा असते, म्हणून पुढे कण मोठे होत नाहीत. त्यावर डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं व्हॅनाडिल ॲसिटिलॲसिटोनेट थेंबाथेंबाने पसरवायचं आणि ४५० अंशांवर दोन तास भट्टीत. बाहेर आलेली काच बघून पहिल्यांदा वाटतं की सगळं बिघडलं, कारण वरती जादा व्हॅनेडियम ऑक्साइडचा मळकट थर असतो. ती एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून हलकं ढवळत राहा. अर्ध्या तासात मळ सुटतो आणि खालून स्वच्छ पिवळी फिल्म वर येते. पिवळेपणा सगळीकडे एकसारखा नसेल तर थेंब एकसारखा पसरला नव्हता असं समजा. बेंझोक्विनोनची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला वाईट आहे, ते काम फ्यूम हूडमध्येच करा.

आता तिसरा टप्पा. मघाच्या उदाहरणासारखं ३२ टक्क्यांवर गाडी अडली असेल तर आधी एक रीडिंग घ्या: दर दोन-तीन सेकंदांनी प्रकाश अडवत आणि सोडत, व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या. प्रकाश पडताच करंट एकदम उडी मारतो आणि मग सेकंदाच्या आत खाली बसतो का? प्रकाश अडवताच तो क्षणभर उलट दिशेला जातो का? हे टोकदार काटे म्हणजे पृष्ठभागावर होल साचतायत आणि इलेक्ट्रॉन परत येऊन त्यांना विझवतायत. काटे ०.६ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान मोठे आणि पुढे लहान होत जातील. वक्राचा जो भाग तुम्हाला खरोखर हवा आहे, नेमका तिथेच हा तोटा सर्वांत जास्त असतो.

इथे बरेच जण समजतात की कॅटॅलिस्ट म्हणजे पाण्याची अभिक्रिया वेगवान करणारा. पण २०१७ मध्ये बर्लिनच्याच हेल्महोल्ट्झ केंद्रातून आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की बिस्मथ व्हॅनेडेटवर कोबाल्ट फॉस्फेट लावल्यावर होल पाण्यात जाण्याचा वेग फारसा बदलत नाही. पृष्ठभागावरचं विझणं मात्र दहा-वीस पटींनी कमी होतं. म्हणजे तो थर मुख्यतः पृष्ठभागावरचे दोष झाकतो. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे थर कसा लावायचा याचं उत्तर बदलतं. सर्वांत क्रियाशील कॅटॅलिस्ट शोधत बसण्यापेक्षा पृष्ठभागाशी चांगला जुळणारा थर शोधायचा. चोई-किम यांनी हेच केलं होतं: आत लोखंडाचा ऑक्सिहायड्रॉक्साइड, कारण बिस्मथ व्हॅनेडेटशी त्याचा सांधा चांगला जमतो, आणि बाहेर निकेलचा, कारण पाण्याशी त्याचं चांगलं जमतं. त्या इलेक्ट्रोडने अवघ्या ०.६ व्होल्टला २.७३ मिलीअँपिअर दिला.

लोखंडाचा थर प्रकाशाच्या मदतीने बसवणं सगळ्यात सोपं. फेरस सल्फेटच्या द्रावणात फिल्म बुडवायची, दिवा लावायचा. होल फेरसचं फेरिक करतात आणि थर जिथे होल येतात तिथेच बसतो. द्रावण ताजंच करा आणि आधी अर्धा तास नायट्रोजन सोडा. सकाळी केलेलं फेरस सल्फेट दुपारपर्यंत हवेने पिवळसर-तपकिरी होतं, तेव्हा ते ओतून द्या. त्यातून बसलेला थर जाड आणि ठिसूळ होतो. थर जाड झाला की प्रकाशही अडतो आणि होलची वाटही लांबते, त्यामुळे मिनिटांचा हिशोब ठेवा आणि वेगवेगळ्या वेळांची पाच-सहा सॅम्पल करून बघा.

मोजमापाबद्दल स्पष्ट बोलते, कारण इथे प्रामाणिकपणा नसेल तर वरचं सगळं वाया. संपृक्त पोटॅशियम क्लोराइडच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सवर पीएच ७ ला आरएचईचे १.२३ व्होल्ट म्हणजे सुमारे ०.६२ व्होल्ट. पण हा रेफरन्स महिन्या-दोन महिन्यांत सरकतो. एक चांगला रेफरन्स कपाटात जपून ठेवा, कामाचा रेफरन्स दर आठवड्याला त्याच्याशी ताडून बघा. दिव्याचं तर विचारूच नका. झेनॉन दिव्यात फिल्टरशिवाय अतिनील भाग जास्त असतो, आणि बिस्मथ व्हॅनेडेट नेमका त्याच बाजूचा प्रकाश खातो. १०० मिलीवॅट प्रति चौरस सेंटिमीटर असा मीटर दाखवतोय म्हणून तो सूर्यप्रकाश झाला असं नाही. वेगवेगळ्या तरंगलांबींवर आयपीसीई (पडलेल्या फोटॉनपैकी किती करंटमध्ये बदलतात ते) मोजा, सूर्याच्या स्पेक्ट्रमशी गुणून बेरीज घ्या, आणि सिम्युलेटरखालच्या करंटशी जुळतं का बघा. जुळत नसेल तर चूक बहुधा दिव्याची. पेपर लिहिण्याआधी ती दुरुस्त करा.

आणि १.२३ व्होल्टच्या आकड्याचा मोह कमी करा. बाहेरून लावलेला व्होल्टेज वजा करून कार्यक्षमता काढली तर १.२३ व्होल्टला ती शून्य येते, करंट कितीही असो. तेवढ्या विजेत पाणी तत्त्वतः तसंही फुटलं असतं. चोई-किम यांच्या इलेक्ट्रोडचा हिशोब करा: २.७३ गुणिले ०.६३, म्हणजे सुमारे १.७ टक्के. हा आकडा बोलतो. शेवटी ही पिवळी फिल्म सिलिकॉनसारख्या सोलर सेलच्या पुढे बसणार, ५१७ नॅनोमीटरच्या पलीकडचा प्रकाश मागे सोडणार, आणि दोघांचे वक्र जिथे छेदतात तिथे यंत्र चालणार. तो छेदबिंदू बहुधा ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास पडतो. तुमचा वक्र तिथे किती उंच आहे, हे मी आधी विचारेन.

टिकाऊपणा हा या पदार्थाचा खरा दुबळा भाग आहे. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी वापरलेला टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात फार टिकतो, पण बँड गॅप ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने फक्त अतिनील प्रकाश घेतो. बिस्मथ व्हॅनेडेट दृश्य प्रकाश घेतो, पण उजेडात त्यातून व्हॅनेडियम पाण्यात उतरत राहतं. यावरचे दोन उपाय मला मनापासून आवडतात. चोई यांच्याच प्रयोगशाळेने २०१८ मध्ये बोरेट बफर आधीच व्हॅनेडियमने संपृक्त करून ठेवला, त्यामुळे फिल्ममधलं व्हॅनेडियम बाहेर पडायला जागाच उरली नाही, आणि इलेक्ट्रोड ५०० तास चालला. त्याआधी २०१६ मध्ये टोकियोच्या दोमेन यांच्या गटाने झिजणारा निकेल-लोखंडाचा कॅटॅलिस्ट चालू असतानाच पुन्हा बसत राहील अशी व्यवस्था केली आणि १००० तासांच्या पुढे गेले.

तुम्ही निदान चोवीस तासांची चाचणी घ्या, दहा मिनिटांची नको. ०.८ व्होल्टला घ्या, गॅस क्रोमॅटोग्राफवर ऑक्सिजन मोजा. करंटच्या हिशोबाने यायला हवा तेवढा येत नसेल तर फिल्ममधला उरलेला सेंद्रिय भाग किंवा फिल्म स्वतःच करंट देतेय. चाचणी संपल्यावर बफर ओतून देऊ नका. स्वच्छ बाटलीत भरा, वर तारीख आणि सॅम्पल नंबर लिहा, आणि व्हॅनेडियम व बिस्मथ किती उतरलंय ते बघायला आयसीपीला (द्रावणातल्या धातूंचं प्रमाण मोजणारी चाचणी) पाठवा. फिल्म वरून पिवळीच दिसत असते, करंटही जेमतेम दहा टक्के उतरलेला असतो, आणि बाटलीतल्या पाण्यात मात्र फिल्ममधलं किती व्हॅनेडियम निघून गेलं ते लिहिलेलं असतं.